मावशीच्या कार्डाची कडी

नारपोलीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचे कारखाने, त्यामुळे माझ्याकडे आलेला माणूस बोलत नाही, ओरडतो. "भाई, लॉक हो गया है," म्हणत रोज कोणीतरी पेनड्राइव्ह नाहीतर मेमरी कार्ड काउंटरवर आपटतो. मानकोलीच्या गोदामांवर टेम्पो चालवणारे तर गाण्यांशिवाय गिअरच टाकत नाहीत. नवीन गाणी भरायला घेतली की पडद्यावर येतं, कार्ड राइट प्रोटेक्टेड आहे. माझ्याकडे येण्याआधी यांनी ते चार जणांना दाखवलेलं असतं, नेटवर बघून नाही नाही त्या कमांड टाकलेल्या असतात. एकाने तर दाताने चावून बघितलं होतं. मी कार्ड हातात घेतो, कडेची इवलीशी लॉकची कडी नखाने वर सरकवतो आणि परत देतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

दर वेळी इतकं सोपं नसतं म्हणा. कधी कार्डच मरायला टेकलेलं असतं. तेव्हा ते आतलं वाचू देतं, पण नवीन काही घेत नाही. आहे ते उतरवून घे आणि याचा नाद सोड, असं मी सांगतो. लोकांना ते ऐकायला आवडत नाही आणि मला सांगायला आवडत नाही, म्हणून मी जरा खेकसूनच सांगतो.

माझी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, मानकोलीच्या पलीकडच्या गावात राहते. ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत हळद दळण्यापासून प्रत्येक विधीला गाणं असतं, त्याला धवळा म्हणतात, आणि तो म्हणणारी बाई ती धवलारीण. धवळ्यात मधे मधे नवरीचं आणि नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं. नाव घेतलं की तो धवळा त्या घरचा होतो. नाव नसेल तर मावशीच्या भाषेत तो "रस्त्यावरचा" धवळा.

काही वर्षांपूर्वी तिच्या शेजारच्या मुलीच्या लग्नात मी तिचे धवळे रेकॉर्ड केले होते. एका मोठ्या कार्डावर भरून, ते कार्ड चालेल असा स्पीकरही तिला दिला. हळदीला आलेली डीजेवाली पोरं हाताला लागेल ते कार्ड पुसून त्यात आपली गाणी कोंबतात, हे मला माहीत होतं. म्हणून कार्डाची कडी खाली ओढली आणि ऐटीत सांगितलं, "मावशे, ही कडी खाली आहे तोवर यातलं अक्षरसुद्धा कोणी बदलू शकणार नाही." ती खूश झाली. मीही झालो.

पुढे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता तिच्या तोंडून शब्द निघतात ते नुसत्या हवेचे. सबंध गावाला ऐकू जाणारी बाई, आता चहा हवा असला तरी हात हलवून सांगते. मला ते बघवायचं नाही, म्हणून तिच्याकडे जाणं मी कमी केलं होतं.

मग एका दुपारी तीच रिक्षाने दुकानात आली. नातीचं लग्न ठरलं होतं. लूमच्या खडखडाटात तिची कुजबूज ऐकायला मला काउंटरवर ओणवं व्हावं लागलं. पदराच्या गाठीतून तिने कार्ड काढलं.

"कडी काढ. आनि नाव बदल."

"कसलं नाव?"

"यात शेजारनीच्या पोरीचं नाव हाय. माज्या नातीचं घाल."

मी वैतागलो. "मावशे, गाण्यातलं नाव असं बदलता येत नाही गं."

"तूच बोल्लास ना? कडी हाय तवर कोन बदलू शकनार न्हाय. मंग काढ ना कडी!"

माझंच वाक्य तिने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि आता ते माझ्यासमोर आणून ठेवलं. मी विषय बदलून म्हणालो, शेजारच्या गावात दुसरी धवलारीण आहे, चांगली म्हणते, तिला बोलावू. मावशीने माझ्याकडे रोखून बघितलं.

"गावातल्या सगल्या पोरी मी उजवल्या," ती म्हणाली. मधे दम खायला थांबली. "आनि माजीच नात दुसरीच्या तोंडानं उजवू?"

मी कार्ड उजेडात धरलं. कडी जागची हलेना. नीट बघितलं तर तिच्यावर लालभडक थर वाळून घट्ट बसलेला.

"हे काय फासलंयस?"

"सुनंची नेलपालिश. कडी सरकू नये म्हनून."

हसावं की डोकं आपटावं कळेना. नेलपॉलिश काढायचं पाणी वापरलं तर कार्डाचं प्लास्टिकच विरघळायचं. तेव्हा टाचणीने कण कण खरवडत बसलो. नवं कार्ड घेऊ म्हटलं, तर तिला ते मंजूर नव्हतं. तिचा गळा याच कार्डात होता. शेवटी कडी सुटली, वर गेली, आणि मावशीने काम झालं अशा थाटात टाळी वाजवली. खरं काम पुढेच होतं.

लूमच्या सुट्टीच्या दिवशी, बाहेर शांतता असताना, मी शटर खाली ओढून ते धवळे ऐकले. असा आवाज! कपाळावर हात ठेवल्यासारखा. मधूनच शेजारच्या मुलीचं नाव येई. मी बायकोकडून नातीचं नाव म्हणून घेतलं आणि त्या जागी बसवून मावशीला ऐकवलं. रेशन दुकानात नंबर पुकारावा तसं ते वाजलं. मावशीने मान हलवली.

"नाव काढून टाक," ती म्हणाली. "जागा ऱ्हाव दे. मी भरीन."

"कशानं भरशील?" मी पटकन बोलून गेलो.

मी नावं कापली आणि तेवढी जागा रिकामी ठेवली. दात पडलेल्या तोंडासारखा झाला धवळा. लग्नाच्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. भर मांडवात ते खिंडार येईल, सगळं गाव तिच्या तोंडाकडे बघेल आणि तिच्या तोंडून काही निघणार नाही, याचीच मला धास्ती होती.

हळद दळायचा दिवस उजाडला. अंगणात डीजेचे खोके टेम्पोवर उभे होते, पोरं अस्वस्थ. मांडवात जातं मांडलेलं, पाटावर नवरी, तिच्याशेजारी मावशी, आणि मावशीच्या मांडीवर स्पीकर. मी कार्ड घातलं, बटण दाबलं. तो जुना आवाज मांडवभर झाला तसे जात्याभोवतीच्या बायकांचे हात थांबले. कितीतरी दिवसांनी त्यांना तो ऐकायला मिळत होता.

मग पहिली मोकळी जागा आली. मावशी वाकली, नातीच्या कानाशी तोंड नेलं आणि ओठ हलवले. आम्हाला कोणालाच काही ऐकू आलं नाही. पण नवरीने डोळे मिटून घेतले, आणि गालांवरून पाणी ओघळलं. धवळा पुढे गेला.

दुसऱ्या जागेला मावशी पुन्हा वाकली. या वेळी जात्यावरच्या बायकांच्या लक्षात आलं. तिसऱ्या जागेला मावशीचे ओठ हलले आणि त्याबरोबर सगळ्या बायकांनी नातीचं नाव घेतलं, मोठ्याने, एका सुरात. नवऱ्याच्या नावाच्या जागेला तर एवढा आवाज चढला की डीजेवाली पोरंही हसायला लागली. मला रडू आलं. मांडवाच्या खांबाआड जाऊन मी भरपूर रडलो.

लग्न झाल्यावर एकदा तिच्याकडे गेलो. आता तिच्याकडे जाणं मी टाळत नव्हतो. धवळ्यांची एक प्रत मी घरी उतरवून ठेवली होती, तरी जिवाला घोर होताच. डीजेची पोरं काही सुधारलेली नव्हती. मी कार्ड मागून घेतलं, कडी खाली ओढली आणि सुनेला म्हटलं, वहिनी, ती लाल नेलपॉलिश आणा जरा.

मावशीने माझं मनगट धरलं. कार्ड काढून घेतलं. आपल्या नखाने कडी पुन्हा वर सरकवली आणि मला जवळ ओढून कानात म्हणाली, "लावू नको. अजून पोरी हायत गावात, त्यांचीबी नावं भरायचीत."