दुसऱ्या पिशवीतलं पाणी

बर्फमामा पेटी मांडीवर घेऊनच बसायचे. गाडीत मागे हवी तेवढी जागा होती, पण नाही. चालक म्हणायचा, "मामा, नात नाही ती, पेटी आहे. ठेवा की खाली." मामा नुसतं "हूं" करायचे. बावीस वर्षं तेच हूं.

आज पेटीत स्वादुपिंड होतं. सकाळी एका घरानं डोळे पुसत अवयवदानाच्या कागदावर सही केली होती, आणि चार तासांवरच्या रुग्णालयात एक शिवणकाम करणारी बाई उपाशीपोटी वाट बघत होती. साखर एकदम उतरली की ती मशीनवरच मान टाकायची. दोनदा बोलावून तिला रिकामीच परत पाठवलं होतं.

अवयव गार ठेवायचा, पण गोठू द्यायचा नाही, हे मामांचं काम. तीन पिशव्या. पहिलीत अवयव आणि औषधी द्रव, दुसरीत गार सलाईन, तिसरी कोरडी, आणि भोवती बर्फ. दुसरीत पाणी घालायचं राहिलं तर बर्फाचा चटका थेट आत. स्वादुपिंडाची तर नाजूक तब्येत, एकदा बिघडलं की कामातून गेलं.

म्हणून मामा प्रत्येक पायरी मोठ्यानं म्हणायचे आणि समोरच्या सिस्टर ती परत म्हणायच्या. "दुसरीत पाणीऽ", अगदी मामांसारखं नाकातून. ते कानावर पडल्याशिवाय मामांचा हात पुढे जात नसे.

आज सिस्टरना मध्येच बाहेर बोलावलं. दोन दिवसांतला हा मामांचा तिसरा फेरा. अर्ध्या वाटेत त्यांना जाणवलं, की "दुसरीत पाणीऽ" आज कानावर पडलंच नाही.

"थांबवू? उघडून बघा," चालक म्हणाला.

"सील केलंय. आता तिकडच्या टेबलावरच उघडायचं."

तेवढ्यात तिकडच्या डॉक्टरांचा फोन. "बरं का मामा, वेळेत आहात ना? बरं का, बाईंना भूल देतोय आता."

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. बावीस वर्षांत एक तक्रार नव्हती, निवृत्तीला सात महिने उरले होते.

"देऊ नका. पोचल्यावर आधी पेटी उघडा. दुसऱ्या पिशवीत पाणी घातलंय का, आठवत नाही मला."

डॉक्टरांचं 'बरं का' गळून पडलं. "आठवत नाही म्हणजे?"

"म्हणजे आठवत नाही."

पोचल्यावर पेटी आत गेली. मामा बाकावर टेकले. समोर चाकाच्या खुर्चीत ती बाई, डोक्याला टोपी.

"परत पाठवतायत का हो?"

"माहीत नाही, ताई. माझ्यामुळे थांबलंय."

तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटं पांढरीफटक पडली होती. "मलाही आठवत नाही कधीकधी, बॉबिनमध्ये दोरा भरला की नाही ते. हात आपले चालत असतात."

दार उघडलं. "बरं का, पाणी आहे. सगळं ठीक. चला ताई."

खुर्ची आत गेली. मामांना आनंद व्हायला हवा होता. पण हातांनी ते काम त्यांना न विचारता उरकलं होतं, आणि उद्या तेच हात न विचारता विसरलेही असते. त्यांनी तिथूनच कार्यालयाला कळवलं, की यापुढे समोर परत म्हणणारं माणूस नसेल तर मी पिशवी बांधणार नाही.

परतताना रिकामी पेटी पुन्हा मांडीवर.

"मामा, आता तरी."

मामांनी ती पायाशी ठेवली. "पेटी खाली," ते म्हणाले, आणि वाट बघत राहिले.

चालकानं आरशात पाहिलं. "पेटी खालीऽ," तो नाकातून म्हणाला.

तेव्हा कुठे मामांनी डोळे मिटले.