उतरायची चौथी पायरी

२०१७च्या कार्तिकात, एका मंगळवारी, बाबा वारले. त्यांच्या सुतारकामाच्या शेडमध्ये तेबा उभा होता. त्याचा एक जिना झाला होता, एक राहिला होता.

तेबा म्हणजे सिनेगॉगच्या मधोमध असतो तो कठड्याचा लाकडी चौथरा. त्यावर उभं राहून ज्यू लोक आपला धर्मग्रंथ वाचतात. आमच्या डहाणूत सिनेगॉग नाही. पण दक्षिणेकडच्या एका शहरातल्या सिनेगॉगचा जुना तेबा वाळवीने खाल्ला होता, आणि तिथल्या एका वयस्कर गृहस्थांनी बाबांच्या हातचा देव्हारा कुणाकडे तरी पाहिला होता. ते आमच्यासारखंच मराठी बोलत. शेडच्या दारात बसून त्यांच्या आणि बाबांच्या गप्पा चालत. मी तेव्हा तलासरीच्या शाळेत शिकवत असायची, त्यामुळे त्यांचं काय ठरलं ते मला माहीत नव्हतं.

तेराव्यानंतर त्यांचा फोन आला. "बाई, घाई नाही. पण झेपणार नसेल तर आहे तसा नेतो. उरलेलं मुंबईत करून घेऊ."

"इथेच होईल," मी म्हटलं. मला रंधासुद्धा धरता येत नव्हता. बाबांबरोबर वीस वर्षं काम केलेले मिस्त्री कैनाडहून सायकलने येत, त्यांच्या भरवशावर मी बोलून गेले.

बाबा कागदावर आराखडा काढत नसत. एका पट्टीवर पेन्सिलीने रेघा मारून ठेवत. राहिलेल्या जिन्याची पट्टी मिस्त्रींनी उजेडात धरली.

"झालेल्या जिन्याला तीन पायऱ्या, आणि ह्याला चार? उंची तर तीच."

"चुकले असतील," मी म्हणाले. शेवटच्या महिन्यात बाबा चहात दोनदा साखर घालत.

"तुझ्या बापाचं माप नेहमीच कच्चं, दीकरी." त्यांनी इकडेही तीनच केल्या.

शाळेतून आले की मी पायऱ्यांना पॉलिशपेपर मारत बसायची. त्या दिवसांत मला पुस्तक वाचवत नव्हतं. लाकूड घासवत होतं.

पौषात गृहस्थ बघायला आले. चपला काढून एका बाजूने चढले, वर जरा थांबले, दुसऱ्या बाजूने उतरले.

"सुरेख झालाय." मग वळून पायऱ्यांकडे पाहिलं. "इथे चार ठरल्या होत्या ना?"

मिस्त्रींनी कोपऱ्यातली पट्टी उचलून पुन्हा उजेडात धरली.

"आमच्यात तेबावर जवळच्या वाटेने चढतात आणि लांबच्या वाटेने उतरतात. येताना ओढ असावी, आणि निघताना पाय निघू नये, म्हणून. तुमच्या वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, मग उतरायला एक पायरी जास्त देतो. पण राहू द्या आता. सारख्या असल्या तरी चालतं. उजवीकडून चढायचं, डावीकडून उतरायचं."

मिस्त्री खाली भुशातच बसले. "वीस वर्षं त्याच्या चुका काढल्या. एकदा बरोबर निघाला, तोही मेल्यावर!"

गृहस्थ हसले. मीही हसले, कार्तिकानंतर पहिल्यांदा.

"खोलू?" मिस्त्रींनी मला विचारलं.

"खोला."

या वेळी पट्टीवरच्या रेघा लाकडावर मी उतरवल्या. चार बुटक्या, रुंद पायऱ्या. चौथीला रंधा मी मारला. तीन वेळा अडकला. मिस्त्री म्हणाले, "लाकडाशी भांडू नको, त्याच्या रेषेने जा."

फाल्गुनात टेंपोने तेबा त्यांच्या शहरात गेला, बरोबर मी आणि मिस्त्री. सुटे भाग जोडून झाल्यावर गृहस्थ म्हणाले, "उद्यापासून इथे वाचन सुरू होईल. बाई, आज एकदा तुम्ही चढा." मी तीन पायऱ्या चढले. वर कठड्यावर हात ठेवून उभी राहिले. मग दुसऱ्या बाजूने चार पायऱ्या उतरले. वेळ लागला. कुणी घाई केली नाही.

तेबा तिथे आहे. पट्टी शेडमध्ये खिळ्याला आहे. मिस्त्री रोज येतात, आणि शनिवारी शाळा लवकर सुटते तेव्हा रंधा माझ्या हातात असतो.