अच्चन म्हणजे कोण

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडील मिशनची पुस्तकं विकत फिरायचे. पाठीवर कॅनव्हासची पिशवी टाकून हरसूलच्या बाजारापर्यंत पायी जात. तिथली माणसं चोपडी उलटीपालटी करून विचारायची, "ह्यात चित्र नाय का?" चित्र नसायचं. न खपलेली पत्रकं घरी परत येत, पावसात भिजून फुगत, आणि मग आमच्या उशाखाली जात. त्यांतली बहुतेक कशाच्या ना कशाच्या विरुद्ध होती. दारूच्या, मूर्तीच्या, हुंड्याच्या, पोपच्या. जगात जे काही वाईट आहे ते टिकून आहे, कारण त्याच्याविरुद्ध अजून कुणी सोळा पानं लिहिलेली नाहीत, असं मला मनापासून वाटत असे.

बाविसाव्या वर्षी मी माझी सोळा पानं लिहिली. वडील जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी नाशिकला भद्रकालीजवळच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो, म्हणून मालकाने कागदाच्या किमतीत छापून दिली.

विषय असा होता. पहिले ख्रिस्ती लोक कुणाच्या तरी घरी जमत. एकाच मेजावर भाकर मोडत, जेवत, प्रार्थना करत. प्रत्येक मंडळीत चार-सहा जाणती माणसं असत, त्यांना वडील म्हणत. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलातही, तोच शब्द आहे. वडील अनेक होते, एकमेकांच्या बरोबरीचे होते. मग त्यांतला एक खुर्चीवर बसला आणि अध्यक्ष, म्हणजे बिशप, झाला. बाकीचे त्याच्या हाताखाली गेले. पुढे मोठ्या शहराचा अध्यक्ष लहान गावच्या अध्यक्षाहून मोठा ठरला. मग बादशहाच ख्रिस्ती झाला आणि सरकारी कचेरीची उतरंड देवळात आली. आपल्याकडे तलाठ्यावर मामलेदार, मामलेदारावर कलेक्टर असतो, अगदी तशी. पुढे त्या एकाच राज्याला दोन राजधान्या झाल्या, तेव्हा धर्मालाही दोन झाल्या. रोम म्हणालं मी वरचा, कॉन्स्टँटिनोपल म्हणालं तू कोण, आणि शेवटी दोघांनी एकमेकांना मंडळीबाहेर काढलं. घरातल्या जेवणाच्या मेजापासून हे इथवर आलं. सगळा घोटाळा एका शब्दाने केला, असं माझं म्हणणं होतं. वडील म्हणजे वयाने जाणता माणूस. त्याचा त्यांनी बाप करून टाकला. येशूने तर पृथ्वीवर कुणालाही पिता म्हणू नका असं बजावलं होतं.

आमच्या वस्तीत पत्रक कुणी फारसं वाचलं नाही. वाचलं ते शेजारच्या मास्तरांनी.

मास्तर त्रावणकोरचे. इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आले होते आणि आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत एकटेच राहायचे. वय तीसच्या आत. त्यांचे लोक तिथले जुने सुरियानी ख्रिस्ती; रोमला न मानणारे, आमच्या मिशनलाही न मानणारे. मराठी ते पोरांकडून शिकले होते, त्यामुळे बोलण्यात तू आणि तुम्ही कधी कुठे येईल याचा नेम नसे.

"पत्रकवाले," ते कुंपणापलीकडून म्हणाले, "सोळा पानं वाचली. छान आहे. आता सांग, हे मिशनच्या दुकानात ठेवायला कुणाला विचारलंत?"

"सेक्रेटरींना."

"त्यांनी?"

"ते वरच्या साहेबांना विचारून सांगणार आहेत."

मास्तर इतके हसले की आई बाहेर आली. "बघा आई, यांचा पण तलाठी आहे, मामलेदार आहे. फक्त टोपी वेगळी."

मी चिडलो. चिडलो की मी भाषण करतो. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आमच्याकडे पुरोहिताच्या डोक्यावर बिशप हात ठेवतो. त्याच्या डोक्यावर आधीच्याने ठेवलेला असतो. असं मागे मागे, थेट येशूच्या प्रेषितांपर्यंत."

"मधे एखादा हात सुटला असेल तर?"

"आईंना विचार ना. भाकरी करायला कुणी शिकवलं?"

"माझ्या आईने," आई म्हणाली. "हातावर चार चापट्या मारून."

"आणि तिला तिच्या आईने. वही आहे का कुठे? नाही. पण भाकरी फुगते." आणि माझ्याकडे वळून, "तू करून दाखव बरं, सोळा पानं वाचून."

आई त्यांच्या बाजूची झाली ती कायमची. वर्षभर आम्ही असे भांडलो. मी मात्र त्यांच्या पंथाला टोचल्याशिवाय कधी सोडलं नाही. तुमच्यात सध्या कोणता बिशप खरा यावरूनच कोर्टात खटला चालू आहे ना, असं मी विचारलं की ते स्वतःचे कान धरून म्हणायचे, "आहे बाबा. लाज आहे. पण घरात भांडण झालं म्हणून कुणी आईबाप बदलत नाही."

त्या वर्षी श्रावण संपता संपता मास्तरांना ताप आला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा. एकवीस दिवस काढायचे. औषध असं काही नाही. आई पेज भरवायची, मी अंग पुसायचो, डोक्यावर ओल्या घड्या ठेवायचो. दुसऱ्या आठवड्यात ते बडबडायला लागले. मराठी गेली, मग इंग्रजीही गेली. उरली त्यांची स्वतःची भाषा, तिच्यातलं आम्हांला अक्षर कळत नव्हतं. त्यातला एक शब्द मात्र ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. अच्चन. दाराकडे बघून म्हणायचे, माझा हात धरून म्हणायचे. अच्चन, अच्चन.

देवळाली कॅम्पात फौजेच्या गोदामावर एक मलबारी कारकून होता. सायकल काढून मी त्याच्याकडे गेलो. तो त्यांच्याच मुलखातला. कपाळावर चंदन होतं. मी शब्द सांगितला.

"अच्चन? बाप," तो लगेच म्हणाला. "बिचारा. बापाला बोलावतोय."

मी तसाच घरी आलो. मास्तरांच्या पेटीतल्या पत्रांवरून पत्ता काढला आणि तारघरात जाऊन तार केली: मुलगा फार आजारी आहे, तुमचं नाव घेतो आहे, ताबडतोब या. परत येऊन मास्तरांच्या कानाशी तोंड नेऊन हळू, स्पष्ट इंग्रजीत सांगितलं की अच्चन येताहेत. त्यांना कळलं. मला शपथेवर सांगता येईल, त्यांना कळलं. चेहरा सैल झाला. त्या दिवशी ते पेज मुकाट्याने प्याले. पुढचे पाच दिवस त्यांनी तो शब्द म्हटला की मी म्हणायचो, येताहेत. मला स्वतःचा अभिमानही वाटत होता, हे लपवून काय करू?

पाचव्या दिवशी सकाळी नाशिक रोड स्टेशनवरून टांग्याने एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरं धोतर, खांद्यावर पंचा, गळ्यात लहानसा क्रूस. होडी, मोटार आणि चार आगगाड्या करून आले होते. मोडकं इंग्रजी बोलत. मी त्यांना आत नेलं आणि मास्तरांना म्हणालो, "अच्चन आले."

मास्तरांनी डोळे उघडले. वडिलांना ओळखलं. दोन शब्द बोलले, त्यांचा हात गालाला लावला. मग त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागले आणि म्हणाले, "अच्चन?"

म्हाताऱ्यांनी मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे.

"हा मला अप्पन म्हणतो," ते म्हणाले. "आमच्यात बापाला अप्पन. अच्चन म्हणजे पुरोहित. आमच्या देवळाचे. तो त्यांना मागतोय. मरताना देतात त्या प्रसादासाठी, कपाळाला लावायच्या तेलासाठी."

मग त्यांनी माझा दंड धरला.

"तारेत तुम्ही का नाही लिहिलंत? मी त्यांना घेऊन आलो असतो. ते आमच्या घरासमोरच राहतात."

कारकुनाने खोटं सांगितलं नव्हतं. त्याच्या हिंदू घरात अच्चन म्हणजे बापच. चूक माझी होती. एका शब्दाचा बाप कसा होतो यावर सोळा पानं लिहिणाऱ्या मला, हा माणूस कोणत्या बापाला बोलावतो आहे, हे विचारायचं सुचलं नाही. आता पुन्हा तार करून पुरोहित यायला आणखी पाच दिवस. डॉक्टर नाडी धरून म्हणाले, उद्याचा दिवस निघाला तर नशीब.

मी धावलो. आमच्या पाळकांकडे गेलो. भला माणूस, जेवणावरून उठले, हात धुतले. "प्रार्थनेला आत्ता येतो," म्हणाले. "पण प्रभुभोजनाची भाकर परक्या मंडळीच्या माणसाला द्यायची तर बिशपसाहेबांची परवानगी लागते. आणि साहेब दौऱ्यावर आहेत." मग खाली बघत म्हणाले, "मला रागावू नकोस रे."

तिथून कॅम्पातल्या रोमन देवळात. तिथले फादर म्हातारे, गोव्याचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बाळा, त्याला एक शब्द बोलू दे. पोपसाहेब माझे, एवढाच. मी चप्पल घालायलासुद्धा थांबणार नाही."

"त्याची शुद्ध नाही, फादर."

"मान हलवू दे नुसती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं होतं तिथे एखादा गर्विष्ठ, सोन्याची काठी घेतलेला माणूस भेटेल आणि मी त्याला चार शब्द सुनावीन. सुनावायला कुणी नव्हतंच. दोघेही बिचारे आपापल्या वरच्याकडे बघत होते, आणि तो वरचा त्याच्या वरच्याकडे.

घरी येऊन मी हे म्हाताऱ्यांना सांगितलं. ते बराच वेळ मुलाच्या केसांतून हात फिरवत राहिले. "मान तर मीही धरून हलवू शकतो," ते म्हणाले. "शुद्धीत असताना त्याने जे केलं नसतं ते आता त्याच्याकडून करवून घेऊ?"

मग मी ते बोललो. पहिल्या मंडळ्यांत पुरोहित नव्हते, म्हणालो. घरातलाच कुणीतरी भाकर मोडत असे. विश्वास असला की पुरे. घरात भाकर आहे. तुमची हरकत नसेल तर मी मोडतो.

ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्या डोक्यावर कुणी हात ठेवला?"

"कुणी नाही."

"मग राहू द्या, बाळ."

माझ्याकडे त्याला उत्तर होतं, छापलेलं, पान अकरावर. अजूनही मी त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. पण तिथे ते उत्तर कुणाला द्यायचं होतं? अंथरुणावरचा माणूस माझ्या मतासाठी तळमळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरांचा श्वास बदलला. म्हाताऱ्यांनी पंचा खाली ठेवला, उशापाशी उभे राहिले आणि प्रार्थना म्हणायला लागले. सुरियानीत असावी. एक ओळ म्हणून ते थांबले. मला वाटलं विसरले. मग आणखी एक ओळ, आणि पुन्हा थांबले, आता आणखी जास्त वेळ. ओठ मिटलेले, डोळे दाराकडे. आई माझ्याकडे बघायला लागली. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा मला कळलं. ती प्रार्थना दोघांची होती. एक ओळ पुरोहिताची, तिला उत्तर लोकांनी द्यायचं. लोकांच्या ओळी ते म्हणत होते. पुरोहिताच्या ओळी त्यांना पाठ असणार. साठ वर्षं ऐकल्या होत्या. पण त्या त्यांच्या नव्हत्या. म्हणून तेवढा वेळ ते गप्प राहत होते, ओळ जितकी लांब तितका वेळ, आणि मग खाली वाकून उत्तर देत होते.

त्या मधल्या वेळात खोलीत फक्त मास्तरांचा श्वास ऐकू यायचा. मी भिंतीशी उभा होतो. काहीतरी म्हणावं म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. मला त्यातली एकही ओळ येत नव्हती. नंतरच्या एका थांब्यात श्वासही ऐकू आला नाही. म्हाताऱ्यांनी ती ओळ संपेपर्यंत वाट पाहिली, आणि मग आपली ओळ म्हटली.