स्टेजकडे पाठ

मनोहर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शंकरपटाच्या मैदानात होतो. पहिल्या आलेल्या बैलजोडीच्या मालकाला स्टेजवर फेटा बांधत होते आणि मी फोटो घेत होतो. फोन त्याच्या पुतण्याचा. "काका गेले जी, आत्ताच." मी बरं म्हणालो, फोन खिशात टाकला आणि राहिलेले तीन सत्कार टिपले. मनोहर महिनाभर अंथरुणावर होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती, हे सगळं खरं. तरी आपण इतके निगरगट्ट असू असं मला वाटलं नव्हतं. आटोपल्यावर सवयीने मैदानाच्या कडेला पाहिलं. चहाच्या टपरीपाशी, आमच्याकडे पाठ करून, कॅमेरा डोळ्याला लावून तो उभा असायचा... तिथे कोणी नव्हतं.

लाखनीत हायवेला लागून आमचा फोटो स्टुडिओ. बावीस वर्षं मी आणि मनोहरने तो भागीत चालवला. कामाची वाटणी पहिल्याच वर्षी होऊन गेली : स्टेज माझं, बाजू त्याची. लग्न असो, दिवाळीनंतरची मंडईची जत्रा असो, पुढाऱ्याची सभा असो. मी स्टेजवर चढून हार, हात आणि मान्यवर टिपायचो. तो टिपायचा बेंजो मांडीवर ठेवून भाकर खाणारा बँडवाला, भाषण चालू असताना रचलेल्या खुर्च्यांना टेकून झोपलेला मजूर, नवरीच्या पाठवणीला मांडवामागे भांडी घासता घासता रडणारी तिची आत्या. हे फोटो कुठलंच गिऱ्हाईक अल्बममध्ये लावत नसे. मी चिडायचो. "काहून बे, तिकडे कायले पाहून राहिला? गिऱ्हाईक स्टेजवर हाय!" तो डोळ्यावरचा कॅमेरा न काढता म्हणायचा, "स्टेजकडे सारेच पाहून राहिले. याच्याकडे कोण पाहीन?" मला ते ढोंग वाटायचं, खोटं कशाला सांगू.

त्याचे फोटो कामी यायचे ते माणूस गेल्यावर. आमच्याकडे तेरवी असो की बौद्ध घरातलं जलदान, पाटावर हार घातलेली फ्रेम लागतेच. मजुराच्या घरी धड फोटो नसतो. आधार कार्डावरचा चेहरा त्याच्या बायकोलाही ओळखू येत नाही. मग घरचं कोणीतरी स्टुडिओच्या पायरीशी येऊन चाचरत विचारायचं, "आमच्या बाबाचा एखादा असन का जी?" मनोहर कॉम्प्युटरवरचं 'बाजू' नावाचं फोल्डर उघडायचा आणि चेहरा सापडेपर्यंत जेवायला उठायचा नाही. तालुक्यातल्या कितीतरी भिंतींवरचे हार घातलेले चेहरे असे दुसऱ्यांच्या कार्यक्रमाच्या कडेला सापडलेले आहेत.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. तीन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत हार्ड डिस्क भरली. मनोहर ऑर्डरसाठी लाखांदूरला गेला होता. मी 'बाजू' फोल्डर उडवून टाकलं. त्याला विचारलं असतं तर तो अडून बसला असता, म्हणून मुद्दामच विचारलं नाही. स्टेजचे फोटो मात्र एकूण एक जपून ठेवले.

पंधरा दिवसांनी कांताबाई आली. तिचा नवरा सुखदेव लाऊडस्पीकरवाला. आमच्या प्रत्येक कार्यक्रमात खांद्यावर वायरचं भेंडोळं घेऊन हसत फिरायचा. एका लग्नात त्याला शॉक लागला आणि तो जागीच गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. मनोहर म्हणाला, "बसा वहिनी. सुखदेवचे तं लय हायेत माझ्यापाशी." आणि शोधायला बसला. तो फोल्डर शोधत राहिला, ती पदर मुठीत धरून स्क्रीनकडे बघत राहिली. शेवटी मी त्याला मागच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं.  तो बाहेर जाऊन तिला म्हणाला, "माझ्याच हातून उडले, वहिनी. माफ करा मले." मी दारात उभा होतो. तोंड उघडलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं कांताबाई स्टुडिओवरून जाताना मान फिरवायची. मनोहर रोज तिला नमस्कार करायचा, ती रोज मान फिरवायची आणि मी रोज ते पाहायचो. शेवटच्या भेटीत त्याच्या खाटेजवळ बसून मी म्हणालो, "कांताबाईले सांगून देतो मी खरं काय ते." त्याला बोलताना धाप लागत होती. "आता कायले? तिले फोटो थोडीच भेटणार हाय..."

जलदानासाठी त्याच्या बायकोने फोटो मागितला. दुसऱ्यांचे चेहरे जमवणाऱ्याचा स्वतःचा फोटो कुठेच नव्हता. मी माझे स्टेजचे फोटो काढून बसलो. तो जवळपास प्रत्येक कार्यक्रमात होता, पण फ्रेमच्या कडेला, पाठमोरा. दोन दिवस नुसती त्याची पाठ पाहिली. मग एका मंडईचा फोटो निघाला. पाहुणे दीपप्रज्वलन करताहेत, डाव्या कोपऱ्यात मनोहरची पाठ, आणि त्याच्या कॅमेऱ्यासमोर, हातात माईक धरून हसणारा सुखदेव. अर्धाच. उरलेला चेहरा मनोहरच्या खांद्याआड गेलेला. तेवढा कोपरा मोठा करून दोन प्रती काढल्या.

मनोहरच्या बायकोने तो पाठमोराच फोटो पाटावर ठेवला. "असेच तं उभे रायत होते," म्हणाली. दुसरी प्रत घेऊन मी कांताबाईकडे गेलो आणि उंबऱ्यातच सगळं सांगितलं : फोल्डर मी उडवलं, तो तुमच्याशी खोटं बोलला, मी गप्प राहिलो. तिने मला बस म्हटलं नाही. फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "तीन वर्षं मी त्या माणसाचा नमस्कार नाही घेतला."

मला रडू आलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "भंडाऱ्यात कॉम्प्युटरवर चेहरा पूर्ण करून देतेत. खांदाही काढून टाकता येईन."

"नोको. मंग थो कोणाचा चेहरा होईन?" तिने फोटो पदराने पुसला. "अर्धा तं अर्धा. असाच लावून द्या."

फ्रेम करून मीच तिच्या भिंतीवर खिळा ठोकला. परवा पुन्हा गेलो तर हार बदललेला होता. नवा हार तिने मुद्दाम लांब घेतला होता. सुखदेवच्या अर्ध्या चेहऱ्याभोवतून तो खाली मनोहरच्या खांद्यावर आला होता.