लुडीने ट्रेलर ह्यूस्टनमधून नेला

माझी मेहुणी लुडी जन्मापासून बहिरी आणि मी जन्मापासून तोंडाळ. खुणांच्या भाषेत तिने माझं नाव ठेवलंय ते असं: बोटं चोचीसारखी उघडायची, मिटायची, उघडायची. झाला डेल्बर्ट! लग्नाला बत्तीस वर्षं झाली, आणि तिच्या भाषेतल्या मला येणाऱ्या खुणा तीनच. जेवण, बिअर आणि आभारी आहे. बाकीचं माझी बायको नेल्डा समजावून सांगते. लाज वाटायला हवी, आणि वाटतेही.

वीस वर्षं लुडी एका विक्रेत्याचे ट्रेलर गिऱ्हाइकांच्या दारात नेऊन देते. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास असं अख्खं घर पिकअपच्या मागे जोडायचं आणि डॅलस म्हणू नका, सॅन अँटोनियो म्हणू नका, भर गर्दीतून ओढत न्यायचं. नोकरी मागायला गेली तेव्हा मालक नेल्डाला म्हणाला होता, "अहो, मागून कुणी हॉर्न दिला तर हिला कळणार कसं?" लुडीने त्याच्याच टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं, "रेडिओ लावून बसतात त्यांना कुठे कळतं?" दुसऱ्या दिवशी बाई कामावर हजर.

या मार्चमध्ये नेल्डाच्या छातीत गाठ निघाली. ह्यूस्टनच्या दवाखान्यात सहा आठवडे रोज किरणांचे उपचार घ्यायचे होते. आमचं घर लुफकिनजवळ, म्हणजे जायला दोन तास, यायला दोन तास. रोज कोण करणार? दवाखान्याच्या मागे पेशंटचे ट्रेलर उभे करायला आवार आहे. तिथली एक जागा मंगळवारी दुपारी बारापर्यंत आमच्या नावावर राखून ठेवली होती. बारा वाजून गेले की ती यादीतल्या पुढच्या माणसाची, आणि यादीत चाळीस नावं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "आणखी उशीर परवडणार नाही."

चालवायला मीच बसायला हवं होतं. पण तीन वर्षांपूर्वी ह्याच शहरात माझा ट्रेलर हेलकावायला लागला, मी घाबरून कचकन ब्रेक दाबला, आणि ट्रेलर दोन लेनवर आडवा झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण माझं धाडस तिथेच संपलं. लुडीने काही न विचारता रजा टाकली.

मंगळवारी सकाळी निघालो. मी पुढे तिच्या शेजारी, नेल्डा मागे उशांना टेकून. मागे ट्रेलर लावला की आतल्या आरशात ट्रेलरची भिंत सोडून काही दिसत नाही, म्हणून लुडीने तो मागच्या सीटकडे वळवला. दोघी बहिणी आरशातून बोलायला लागल्या. रस्ता मोकळा असेपर्यंत लुडी एका हाताने उत्तर देत होती. नेल्डाचे हात मात्र थांबेचनात. मी विचारलं, "एवढं काय चाललंय गं?"

"काही नाही. बहिणीबहिणींचं," ती म्हणाली.

ह्यूस्टनच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी गाड्या अशा भरत गेल्या की मी खिडकीतून त्या मोजायला लागलो. एक अठरा चाकी ट्रक आम्हाला ओलांडून गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर आधी ओढला गेला, मग ढकलला गेला, आणि हेलकावायला लागला. डावीकडे, उजवीकडे, मग आणखी डावीकडे. पिकअपचं शेपूट त्याच्याबरोबर हलायला लागलं. मी जीव खाऊन ओरडलो, "ब्रेक! अगं ब्रेक दाब!"

तिला ऐकू आलं नाही हे किती बरं झालं! ऐकू येत असतं आणि तिने माझं ऐकलं असतं तर आज हे सांगायला मी उरलो नसतो. तिने फक्त पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गुडघ्याजवळची ट्रेलरच्या ब्रेकची पट्टी एका बोटाने हळू सरकवली. मागचा ट्रेलर तेवढा आवळला गेला. चार श्वासांत तो गपगुमान सरळ चालायला लागला. तिला हेलकावा माझ्याआधी कळला होता. सीटमधून, पाठीतून, तळव्यांतून. मला दोन कान आहेत आणि मला कळलं ते सगळं हलायला लागल्यावर.

शहराच्या मध्यावर अपघात झालेला. पोलिसांनी उजवीकडच्या लेन बंद करून सगळ्यांना डाव्या कडेला ढकललं होतं. अकरा वाजून दहा मिनिटं. पुढे रस्ता सुटला तेव्हा आमचा फाटा मैलभरावर होता, तोही उजवीकडे, तीन लेन पलीकडे. आणि त्या तीन लेन गच्च भरलेल्या.

तेवढ्यात लुडीने हात वर केला आणि आतला आरसा छताकडे फिरवला.

मागून नेल्डा ओरडली, म्हणजे तोंडाने ओरडली, "नाही! लुडी, नाही!"

"काय झालं? दुखतंय का?"

"आरसा फिरवला तिने! माझं ऐकायचं नाही म्हणून!" नेल्डा रडत होती. "मी सकाळपासून तिला सांगतेय, फाटा चुकव. गर्दी होती, जमलं नाही म्हण. डेलला खरं वाटेल. मला घरी ने. आई कशी गेली ते आम्ही दोघींनी पाहिलंय. सहा आठवडे दवाखाने केले आणि शेवटी तिथल्याच पलंगावर गेली. मला नाही जायचं तसं!"

मी गप्प झालो. मी, डेल्बर्ट! माझ्या पाठीमागे दोन तास माझी बायको जिवाच्या आकांताने बोलत होती, आणि मी खिडकीतून गाड्या मोजत होतो. रागही आला, स्वतःचाच. म्हणालो, "मला का नाही सांगितलंस?"

"तू बोलत सुटला असतास."



लुडीला यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिने उजवा दिवा लावला आणि वाट पाहिली. घुसली नाही, कुणाच्या अंगावर गेली नाही, नुसता दिवा लावून आपल्या चालीने चालत राहिली. एक लेन मिळाली. परत दिवा, परत वाट. दुसरी मिळाली. फाट्याची पाटी डोक्यावरून गेली, अर्धा मैल. तिसऱ्या लेनमध्ये ट्रकमागे ट्रक. मी मनात देवाला हाका मारत होतो. लुडीची नजर बाजूच्या आरशात, परत पुढे, परत आरशात. कपाळावर आठी नाही. चुकलाच असता फाटा तर तिने चुकू दिला असता, पुढून वळसा घातला असता, हे मला आता कळतं. मी असतो तर डोळे मिटून घुसलो असतो.

एका ट्रकवाल्याने वेग कमी केला. आमच्या बत्तीस फुटी ट्रेलरचं शेवटचं टोक त्याच्या पुढे गेलं तसे त्याने दिवे दोनदा लुकलुकवले. ये बाई, मोकळं आहे. लुडी सरकली, ट्रेलरचे दिवे दोनदा लावून त्याचे आभार मानले, आणि फाट्याला लागली. त्या दोन परक्या माणसांचं एकमेकांशी असं स्वच्छ बोलणं पाहून मला भरून आलं.

अकरा चाळीसला आवारात पोचलो. लुडीने एका दमात ट्रेलर मागे घेऊन जागेत बसवला, चाकांना ठोकळे लावले, पाणी जोडलं, वीज जोडली. नेल्डा पिकअपमधून उतरली नाही. पट्टाही सोडला नाही. मी दार उघडून विनवण्या केल्या, रागावलो, परत विनवण्या केल्या. ती समोर बघत बसली. अकरा पन्नास. नाव नोंदवायला पेशंटने स्वतः जायचं होतं.

मग लुडी आली. मला बाजूला सारून नेल्डासमोर उभी राहिली आणि बोलायला हात वर केले. हात थरथरत होते. बोटं एका जागी राहीनात. तिने मुठी आवळल्या, सोडल्या, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

नेल्डा तिच्या हातांकडे बघत होती. "कळत नाही," ती म्हणाली. "शब्दच होत नाहीयेत तिचे. डेल, असं कधी झालं नव्हतं रे. आई गेली तेव्हासुद्धा नाही."

लुडीने तिसऱ्यांदा हात उचलले, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

नेल्डाने पट्टा सोडला. खाली उतरली, तोल गेला तशी दाराला धरून सावरली, आणि बहिणीचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. हात थांबेपर्यंत तिने ते सोडले नाहीत.

"बघत काय उभा राहिलायस?" मग ती मला म्हणाली. "ऑफिस कुठे आहे ते विचार. जागा गेली तर हिला हे सगळं परत चालवत न्यावं लागेल."