लोवेलची ठेव

आमच्या केंटकीच्या डोंगरातला लोवेल म्हणजे बंदुकीचा भक्त. रविवारी चर्चमध्ये कॉफी पिताना त्याची नि माझी जुंपायचीच.

"बंदूक बाळगणं हा माझा हक्क. सरकार ती मागायला येऊ दे, मग बघतो," तो म्हणायचा.

"आधी सरकारला तुझं घर सापडू दे," मी म्हणायची.

त्याची बायको अर्लीन गेली, त्या हिवाळ्यात दरीतलं धुकं उठायलाच तयार नव्हतं. एका सकाळी त्या धुक्यातून लोवेल तरंगत आल्यासारखा माझ्या दारात आला. हातात अर्लीनच्या गोधडीत गुंडाळलेली बंदूक, तान्हं मूल आणावं तशी.

"सफरचंदाची झाडं फुलेपर्यंत सांभाळ, व्हर्ना. घरात एकटा असलो की ही मला हाक मारते."

"आणि तुझा हक्क रे?"

"सरकारला कुठं देतोय? तुला देतोय."

मी बंदूक पेटीत ठेवून कुलूप घातलं आणि त्याला रोज जेवायला बसवलं.

झाडं फुलून पांढरी झाली तेव्हा तो आला. टोपीवर पाकळ्या होत्या.

"गोधडी दे. तिला अजून अर्लीनचा वास असेल."

"आणि बंदूक?"

"राहू दे. चर्चमध्ये मात्र बोलू नकोस."

नाही बोलले. रविवारी आम्ही अजून तसेच भांडतो.