दाताची खूण

माझे बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, पण अकोल्यात त्यांना कचेरीसाठी कोणी ओळखत नाही. ओळखतात ते टेनर सॅक्सोफोनवाले म्हणून. जयंतीचा कार्यक्रम असो की बाळापूरकडचं लग्न, ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत उभे राहून ते असं वाजवायचे की पुढे उभा असलेला गायक चिडायचा. मग त्यांचे कान गेले. डॉक्टर म्हणाले, आतली बारीक हाडं आखडलीत, या वयात ऑपरेशन नको. कानाचं मशीन आणलं, तर त्यातून स्वतःचा सॅक्सोफोन त्यांना पिठाच्या गिरणीसारखा ऐकू आला. मशीन कपाटात गेलं आणि सॅक्सोफोन कपाटावर.

"जे मलेच आयकू येत नाही, ते लोकाईले काहून आयकवू?" एवढं म्हणून त्यांनी विषय बंद केला. तेव्हापासून ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे बसायला लागले. मला ते बघवत नव्हतं.

मी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवते आणि बाबांनी शिकवलेला सॅक्सोफोन गॅदरिंगपुरता वाजवते. माझा हिशोब सोपा होता. बाबांचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा तुकडा, काळ्या एबोनाइटचा, कडक रबराचा, आवाजाला मऊ. धातूचा लावला की आवाज मोठा आणि धारदार होतो. मोठा आवाज म्हणजे बाबांना ऐकू येणार. झालं!

बँडचं सामान विकणाऱ्या एका दुकानात मी माझा टेनर घेऊन गेले आणि दुपारभर एकेक धातूचा माउथपीस लावून फुंकत बसले. दुकानदार आधी कौतुकाने ऐकत होता, नंतर सारखा चहा प्यायला बाहेर जायला लागला. शेवटी तीन निवडले. सोनेरी पाण्याचा पहिल्याच फुंकीला आवडला, आवाज तुपासारखा. दुसरा बरा. तिसरा निकेलचं पाणी दिलेला, दिसायला नळाची तोटी आणि आवाज कर्कश. तो घेतला तो केवळ मोठ्याने ओरडायचा म्हणून.

"घेऊन जा ताई अकोल्याले, वाजवून पाहू द्या त्याईले," दुकानदार म्हणाला. "पण ह्या पट्ट्या काढू नका. दाताची खूण उमटली का माल तुमचा."

वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकतात. तिथे ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने प्रत्येकावर रबराची पातळ पट्टी चिकटवून दिली होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाबांच्या जुन्या माउथपीसला त्यांच्या दातांनी खड्डे पाडले होते, त्यावर तर सायकलच्या ट्यूबचा तुकडाच लावलेला होता.

तिन्ही माउथपीस डब्यात रुमालात गुंडाळून मी एसटीने अकोल्याला आले. बाबांना नीट ऐकू यावं म्हणून आईने कूलर बंद केला. एप्रिलच्या दुपारी अकोल्यात कूलर बंद करणाऱ्या बाईला प्रेम म्हणजे काय ते विचारू नये.

बाबा नाइलाजाने बसले. सोनेरी लावला, फुंकला, मान हलवली. "नाई." दुसराही "नाई." त्यांना घाम आला होता आणि आता ते नुसते माझं मन राखत होते. तिसरा मीच लावून दिला. त्यांनी तो तोंडात धरला आणि लगेच बाहेर काढला.

"हे काय चपलीचं रबर लावलं व याले?"

आणि अंगठ्याच्या नखाने पट्टी उचकटायला सुरुवात केली. मी ओरडले. ओरडून उपयोग नव्हता, मूळ दुखणं तेच तर होतं. पट्टी निघाली, बाबांनी दात रोवले आणि फुंकलं.

ते थांबले. माउथपीसकडे पाहिलं. पुन्हा फुंकलं, या वेळी डोळे मिटून, लांब. मग कपाळावर बोट ठेवलं.

"इथं वाजून राहिलं पोरी. इथं!"

पुढे काय झालं ते आमच्या गल्लीला विचारा. नळाच्या तोटीतून जो आवाज निघाला त्याने शेजारच्या काकू पोळपाट हातात घेऊन दारात आल्या. आईने कपाळाला हात लावला, पण थांबा म्हणाली नाही. बाबा जुनी सगळी गाणी एकामागून एक वाजवत सुटले, आणि एक स्वर घसरला तर स्वतःच थांबून दुरुस्त करून घेतला. तेव्हा मला रडू आलं.

"भल्ला गोड आहे व हा," ते मध्येच म्हणाले. आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं.

मी खुणेनेच विचारलं, सोनेरीची पट्टी काढून पाहू का? बाबांनी तोटीवाला माउथपीस सॅक्सोफोनसकट पोटाशी धरला. "काई गरज नाई. हा बोलला माह्याशी." तसंही त्यावर दोन दातांची खूण उमटलीच होती.

संध्याकाळी बाबा चहाला उठले. मी दोन्ही कानांत कापूस ठासला, सॅक्सोफोन घेतला, त्यांच्या दातांच्या खुणेवर माझे दात टेकवले आणि फुंकलं. बाहेरचं काही ऐकू आलं नाही. पण दातांतून, हाडांतून, थेट डोक्याच्या मधोमध एक भरलेला, संथ स्वर उभा राहिला. मी तो श्वास संपेपर्यंत सोडला नाही.

बाबा खोटं बोलत नव्हते. भल्ला गोड होता.